पान चौदा

शाळेच्या रजिस्टरात चौकटी आखून
मी बसलो होतो अक्कोळच्या वेशीपाशी,
हिरव्या शाईचं पेन, मांडीवर घड्याळ,
आणि समोर लगमाण्णा भजंत्री,
सनईची पत्ती तोंडात भिजत घातलेली,
म्हणून काही विचारलं की नुसती भुवई हलायची.

कर्नाटकी बेंदूर.
पलीकडच्या गावांत महाराष्ट्री बेंदूर महिन्यानं येतो.
बैलांना दोन्ही चालतात.

सा लिहिला. मग रे,
खाली आडवी रेघ, म्हणजे कोमल.
पण तो तेवढा कोमल नव्हता.
शुद्धही नव्हता.
निपाणी स्टँडवर तिकीट मागताना माणूस
एका भाषेतनं निघून दुसरीत पोचायच्या आत
जरासा थांबतो ना,
तिथं होता.
रेघ अर्धीच ओढली. अर्ध्या रेघेला चिन्ह नाही.
तळटीप दिली. मग तळटीपेला तळटीप.

मात्रा मोजायला घेतल्या.
सात. मग साडेनऊ. परत सात. मग
काशाप्पाच्या खिलारानं शेण टाकायला पाय रोवले
आणि सम तिथंच उभी राहिली, शेपटी वर करून.
लगमाण्णाचे गाल फुगलेले,
श्वास नाकानं आत,
सूर तुटत नाही, पुढंही सरकत नाही.
अख्खा गाव त्या एका सुरावर ताटकळत उभा,
आणि कुणालाच घाई नाही, माझ्या घड्याळाखेरीज.
बैल हलला तशी सम पडली.
मी फुलीची खूण केली,
शेजारी काय लिहावं ते सुचेना,
लिहिलं: बैल.

दुर्गाप्पानं उसाच्या पाचटावर
तीनदा हलगी शेकली.
कातडं चढेल तसा सनईवरचा ओठही चढायचा,
आणि माझा मघाचा सा
मागच्या पानावर खोटा पडायचा.
हलगीचे बोल विचारले तर दुर्गाप्पा म्हणाला,
‘बोलत न्हाई ओ सर, वाजीवतोय.’
पाचट किती पेंड्या जाळलं ते तेवढं लिहून घेतलं.

मग वेशीवरची कर तुटली, धुरळा,
गुलाल वहीत.

पक्की प्रत घरी केली. चुका काढल्या.
साडेनऊच्या आठ केल्या, पूर्ण रेघ ओढली,
बैल खोडला.
प्रणोती हंचिनाळे, माझी विद्यार्थिनी,
तिनं तो कागद बेळगावच्या महोत्सवात
व्हायोलिनवर वाजवला.
एक मात्रा इकडची तिकडं नाही.
दुसरा नंबर आला.
टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

फोनमधलं ते वादन घेऊन
लगमाण्णाच्या कट्ट्यावर गेलो.
डोळे मिटून ऐकलं त्यानं, शेवटापर्यंत.
पायाचा अंगठा सुरुवातीला हलत होता.
मधे कधी थांबला ते
मला नेमकं सांगता येईल, पान चौदा, तिसरी ओळ.

‘पोरीचा हात गोड हाय,’ म्हणाला.
तंबाखू मळली. नातवाला शेळी बांधायला सांगितली, कानडीत.
मग मला, ‘वाजीवताना ती कुणाकडं बघत्या?’
‘कागदाकडं.’
‘मग कागद चालतोय काय?’

मला दोन्ही अर्थ कळले.
एकाचंही उत्तर नव्हतं.

‘बघू,’ म्हणून त्यानं हात पुढं केला.
मला वाटलं वाचणार. मी कच्ची वहीच दिली,
पान उघडून, बोट ठेवून.
त्यानं पानाची एक उभी पट्टी टरकन फाडली,
थुंकीनं ओली केली,
पत्तीच्या मुळाशी गुंडाळून
सनईत घट्ट दाबली.
‘तिथनं वारं जात हुतं. चार महिनं झालं.’
फुंकून बघितली.
तोच रे.

मार्चअखेर वही जमा केली.
कार्यालयातल्या बाईंनी पानं मोजली,
चष्म्यावरून बघितलं,
चौदा नंबर अर्धवट कसं?
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहून दिलं:
वापरात आहे.